यंत्राची सावड आणि माणसाची पारख

पेरणीपूर्वी बियाण्याची उगवणशक्ती तपासून घ्यावी, हे शेतकऱ्यांना आता नव्याने सांगावयास नको. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावयाचे, आठवड्याने उघडून किती उगवले ते पाहावयाचे आणि मगच पोत्याला हात घालावयाचा. बियाणे दिसण्यास कितीही टपोरे असले तरी या परीक्षेवाचून त्याचा भरवसा धरता येत नाही. गेल्या तीन-चार वर्षांत खेडोपाडी असेच एक टपोरे बियाणे येऊन पोहोचले आहे. ते म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, अर्थात एआयच्या, साधनांकडून मोबाईलवर मिळणारे तयार उत्तर होय. मराठीत प्रश्न विचारावा आणि क्षणार्धात सुबक भाषेत उत्तर यावे, ही सोय लहान नव्हे. परंतु या उत्तरांची उगवणशक्ती कशी तपासावी, हे अद्याप सर्वांना उमगलेले नाही. या बाबतीत सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या मंडळींना आलेला अनुभव फार बोलका आहे. तो ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी समजून घेणे अगत्याचे आहे.

सॉफ्टवेअरची सावड

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाने अगर मोबाईलने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे हे सांगणाऱ्या आज्ञांची जुळणी. जगातील पुष्कळसे सॉफ्टवेअर कोणा एकाच्या मालकीने तयार होत नाही. गावात जशी सावड चालते, आज सर्वांनी एकाच्या शेतात राबावयाचे व उद्या दुसऱ्याच्या, तशाच रीतीने देशोदेशीचे जाणकार एकमेकांच्या कामाला हात लावतात. १९९१ साली फिनलंडमध्ये लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेले 'लिनक्स' हे अशाच सावडीचे पीक आहे. आज शेतकऱ्याच्या खिशातील अँड्रॉइड मोबाईलचा गाभा तोच आहे.

स्वीडनमधील डॅनियल स्टेनबर्ग हे १९९८ पासून 'कर्ल' नावाचे असेच एक सॉफ्टवेअर सांभाळीत आहेत. इंटरनेटवरून माहिती आणणे व पाठविणे हे त्याचे काम. मोबाईल, मोटारगाड्या, दूरचित्रवाणी संच अशा अब्जावधी उपकरणांत ते बसविलेले आहे आणि ते सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहे.

या सावडीचा एक नियम आहे. कोणीही सुधारणा सुचवावी. परंतु ती जाणत्या माणसाने वाचून, चाचणी घेऊन मगच स्वीकारावयाची. पूर्वी हा नियम सहज पाळला जाई, कारण सूचना लिहिण्यालाच कष्ट पडत. ज्याला विषय कळत नाही तो सहसा त्या वाटेला जात नसे. लिहिण्याचे कष्ट हीच एक चाळण होती.

चाळण गेली, भार वाढला

जून २०२१ मध्ये 'गिटहब कोपायलट' हे सॉफ्टवेअर लिहिण्यास मदत करणारे साधन प्रथम मर्यादित प्रमाणावर उपलब्ध झाले. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी 'चॅटजीपीटी' सर्वांसाठी खुले झाले. त्यानंतर अशा साधनांची रीघच लागली. ही साधने अफाट लिखित मजकुरावरून शिकविलेली असतात व एका शब्दापुढे दुसरा कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, या हिशेबाने वाक्ये जुळवितात. त्यामुळे भाषा नेहमीच सफाईदार येते. मजकूर खरा असेलच असे नाही.

याचा पहिला फटका डिसेंबर २०२२ मध्येच दिसून आला. सॉफ्टवेअर लिहिणारे लोक जेथे एकमेकांच्या शंकांचे निरसन करीत, त्या 'स्टॅक ओव्हरफ्लो' या संकेतस्थळाने चॅटजीपीटीने रचलेली उत्तरे देण्यास मनाई केली. उत्तरे दिसावयास बरोबर, परंतु त्यांत चुकांचे प्रमाण फार, आणि ती येत हजारोंनी. ती तपासावयास माणसे पुरेनात.

'कर्ल'चा अनुभव याहून कडू आहे. सॉफ्टवेअरमधील धोकादायक दोष शोधून देणाऱ्यास रोख बक्षीस देण्याची योजना तेथे २०१९ पासून होती. तिच्यामुळे अनेक खरे दोष उघडकीस आले व दुरुस्त झाले. परंतु एआय हाताशी येताच बक्षिसाच्या आशेने यंत्राकडून दोषांची लांबलचक वर्णने लिहवून पाठविणारे लोक वाढले. त्यांत सांगितलेला दोष कित्येकदा अस्तित्वातच नसे. जुलै २०२५ मध्ये स्टेनबर्ग यांनी जाहीर केले की, त्या वर्षी आलेल्या सूचनांपैकी सुमारे २० टक्के अशा निव्वळ कचरा होत्या आणि खरा दोष दाखविणाऱ्या जेमतेम ५ टक्के. प्रत्येक सूचना खोटी ठरविण्यासाठी तीन-चार जाणत्या माणसांचा वेळ खर्ची पडे. अखेर जानेवारी २०२६ च्या शेवटी ही बक्षीस योजना बंद करण्यात आली. शेतात तण माजले म्हणजे खुरपणीचा खर्च पिकाच्या मोलावर जातो, तसाच हा प्रकार झाला.

तेच अवजार, दुसरा हात

तथापि यावरून अवजारच वाईट असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. सप्टेंबर २०२५ मध्ये याच 'कर्ल'कडे एका संशोधकाने एआयच्या साहाय्याने शोधलेल्या त्रुटींची मोठी यादी पाठविली. तिच्या आधारे कित्येक त्रुटी दुरुस्त झाल्या आणि स्टेनबर्ग यांनी त्या कामाची उघड प्रशंसा केली. पहिल्यांनी यंत्राने दिले ते जसेच्या तसे पुढे ढकलले. या संशोधकाला विषयाची जाण होती व यंत्राच्या उत्पन्नातून दाणा कोणता आणि फोल कोणते हे तो ओळखू शकत होता.

वेळ किती वाचतो याविषयीही सावध राहावयास हवे. अमेरिकेतील 'मीटर' या संस्थेने २०२५ च्या पूर्वार्धात १६ अनुभवी सॉफ्टवेअरकारांवर प्रयोग केला. त्यांची २४६ कामे घेऊन काही एआयच्या मदतीने व काही मदतीवाचून करविली. मदत घेतलेल्या कामांना १९ टक्के अधिक वेळ लागला. आणि काम करणाऱ्यांना मात्र आपला वेळ सुमारे २० टक्के वाचला असे वाटत होते. हा निष्कर्ष त्या वेळच्या साधनांपुरता व आपल्या कामात मुरलेल्या माणसांपुरता आहे. तरी भासणारा फायदा व मोजलेला फायदा यांतील अंतर त्यावरून स्पष्ट होते. नव्या खताचा वापर करताना शेजारी खत न दिलेला वाफा ठेवून तुलना का करावयाची, हे यावरून पुन्हा एकदा पटावे.

नेहमीच्या इंटरनेट वापरातील बदल

पूर्वी गूगलवर प्रश्न टाकला म्हणजे निरनिराळ्या संकेतस्थळांची यादी येई व कोणाचे म्हणणे ग्राह्य मानावे हे वाचणारा ठरवी. मे २०२४ मध्ये अमेरिकेत व त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतात, यादीच्या वर एआयने रचलेला सारांश दिसू लागला. प्रारंभीच या सारांशाने पिझ्झ्यावरील चीज सुटू नये म्हणून त्यात गोंद मिसळण्याचा सल्ला दिला होता! कोणी तरी अकरा वर्षांपूर्वी थट्टेने लिहिलेले वाक्य यंत्राने खरे मानले होते.

सारांश मिळाला की मूळ ठिकाणी जाण्याचे लोक टाळतात. अमेरिकेतील 'प्यू' संशोधन केंद्राच्या मार्च २०२५ च्या पाहणीत, सारांश नसताना १५ टक्के वेळा लोकांनी एखादे संकेतस्थळ उघडले. सारांश असताना केवळ ८ टक्के वेळा. विकिपीडिया चालविणाऱ्या संस्थेनेही ऑक्टोबर २०२५ मध्ये वाचकसंख्या मागील वर्षापेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी घटल्याचे सांगितले. हा ज्ञानकोश स्वयंसेवक लिहितात. मराठी विकिपीडियाही त्यांनीच उभा केला आहे. वाचक घटले तर नवे लिहिणारे कोठून येणार? जमिनीतून पीक काढीत राहावे आणि शेणखत परत घालू नये, अशातलीच ही गोष्ट आहे.

शेतीच्या प्रश्नात चूक कोठे होते

केंद्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम-किसान योजनेच्या चौकशीसाठी 'किसान ई-मित्र' हा एआय संवादक सुरू केला. महाराष्ट्र शासनानेही जून २०२५ मध्ये शेतीतील एआयविषयक धोरण मंजूर केले. म्हणजे ही साधने येत राहणार, आणि त्यांचा लाभ घेणेच इष्ट होय. योजनेची अट समजून घेणे, अर्जाचा मसुदा करणे, इंग्रजी पत्रकाचा आशय मराठीत पाहणे, यांसाठी ती उपयोगी पडतात.

औषधाच्या मात्रेचा प्रश्न मात्र निराळा. हेक्टरी ५०० मि.लि. अशी शिफारस उत्तरात 'एकरी ५०० मि.लि.' अशी उतरली, तर जेथे २०० मि.लि. पुरे तेथे अडीच पट औषध पडते. नावांचाही घोटाळा होतो. 'करपा' हा शब्द भातावर, कांद्यावर व टोमॅटोवर निरनिराळ्या रोगांसाठी वापरतात. नुसते 'करप्यावर काय फवारावे' असे विचारल्यास यंत्र कोणत्या तरी एका रोगाचे उत्तर ठामपणे देऊन मोकळे होते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. तेव्हा ही साधने नव्हती. परंतु फवारणीतील चुकीची किंमत किती असते, हे त्या घटनेने दाखवून दिले आहे. सॉफ्टवेअरमधील चूक मागाहून दुरुस्त करता येते. फवारलेले औषध परत घेता येत नाही.

काय काळजी घ्यावी

१. प्रश्न विचारताना पीक, वाण, पिकाचे वय, लक्षणे व ठिकाण सर्व सांगावे.

२. उत्तराचा मूळ आधार कोणता ते विचारावे आणि तो स्वतः उघडून वाचावा. आधार सापडत नसल्यास उत्तर बाजूस ठेवावे.

३. औषध व मात्रा डब्यावरील लेबल, आतील माहितीपत्रक आणि कृषि विद्यापीठाची शिफारस यांच्याशी ताडून पाहावी. एकर व हेक्टर यांचा हिशेब हाताने करावा. डब्यावरील लाल खूण अत्यंत विषारी औषधाची असते, हे विसरू नये.

४. शंका राहिल्यास किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या विनामूल्य क्रमांकावर मराठीत विचारावे, अगर गावच्या कृषि कार्यकर्त्यास शेतावर आणून पीक दाखवावे.

५. कार्यकर्त्यांनी एआयचे उत्तर न तपासता गावच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नये. एआयची मदत घेतली असल्यास तसे स्पष्ट सांगावे. 'कर्ल'नेही दोष कळविणाऱ्यांस हाच प्रश्न प्रथम विचारण्यास सुरुवात केली होती.

यंत्राला सावडीत जरूर घ्यावे. ते थकत नाही व मजुरीही मागत नाही. पण उत्तर चुकले तर नुकसान सोसावयास ते बांधावर येत नाही. ते शेतकऱ्यालाच सोसावे लागते. म्हणून गोणपाटातील शंभर दाण्यांची परीक्षा येथेही चुकवू नये.