‘शोध’ या शब्दाचा शोध

ज्या वाक्यांनी आपल्या अनेक पिढ्यांना परीक्षेत गुण मिळवून दिले, त्यांत दोन हमखास असत : कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला आणि वास्को द गामाने भारताकडे येणाऱ्या सागरी मार्गाचा. त्यांतील ‘शोध’ या एका शब्दाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

१२ ऑक्टोबर १४९२ रोजी कोलंबस ज्या बेटावर उतरला, त्यास तेथील रहिवासी ‘ग्वानाहानी’ म्हणत. कोलंबसाने त्याला ‘सान साल्वादोर’ हे नवे नाव दिले. वास्को द गामा आफ्रिकेला वळसा घालून आला खरा. परंतु पूर्व किनाऱ्यावरील मालिंदी बंदरापासून मे १४९८ मध्ये त्याला कालिकतला आणले, ते हिंदी महासागराचे वारे ओळखणाऱ्या एका जाणत्या वाटाड्याने. हा टप्पा तर व्यापाऱ्यांच्या शतकानुशतकांच्या वहिवाटीचा होता.

मग युरोपीय दर्यावर्दी निघाले कशासाठी? ‘तुर्कांनी १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल जिंकले आणि व्यापारी मार्ग बंद झाले’ हे नेहमीचे उत्तर अपुरे आहे. पोर्तुगालने उत्तर आफ्रिकेतील सेउटा हे बंदर त्यापूर्वी ३८ वर्षे, १४१५ मध्येच घेतले होते. खरी ओढ पश्चिम आफ्रिकेतील सोन्याची आणि मलबारच्या मिऱ्यांची होती. मिरी अनेक व्यापाऱ्यांच्या हातांतून अलेक्झांड्रियास व तेथून व्हेनिसला जाई. प्रत्येक हाताला नफा सुटे आणि अखेरच्या ग्राहकाला ती महाग पडे. हे मधले हात टाळण्याची निकड, राजांची परस्पर चढाओढ आणि धर्मप्रसाराची आकांक्षा ही कारणे एकत्र आली. साधने मात्र साऱ्या जगाने घडविलेली होती : होकायंत्र आणि बंदुकीची दारू चीनची, ताऱ्यांची उंची मोजणारे यंत्र अरबी विद्वानांनी सुधारलेले.

या लालसेला कायद्याचे वस्त्रही चढविले गेले. १४५५ मध्ये पोप निकोलस पाचवे यांच्या आज्ञापत्राने बिगरख्रिस्ती लोकांची भूमी जिंकण्याचा व त्यांना कायमचे दास करण्याचा पोर्तुगीज राजाचा अधिकार मान्य केला. १४९४ मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल यांनी तोर्देसिलास येथील तहाने अटलांटिक महासागरात एक रेषा ओढून युरोपाबाहेरचे जग आपापसांत वाटून घेतले. ज्यांची भूमी वाटली गेली, त्यांना कोणी विचारले नाही.

परिणाम भयंकर झाले. जहाजांबरोबर देवीचा रोग अमेरिकेत पोचला. १५२० मध्ये त्याने मेक्सिकोतील अॅझ्टेक राजधानीत थैमान घातले. रोग, युद्ध आणि वेठबिगार यांनी पुढील दीडशे वर्षांत अनेक प्रदेश जवळजवळ निर्मनुष्य केले. आजच्या बोलिव्हियातील पोतोसी येथे १५४५ मध्ये चांदीचा डोंगर हाती लागला. वेठीस धरलेल्या आदिवासी मजुरांनी खोदलेली ती चांदी स्पेनमार्गे युरोपभर आणि मनिलामार्गे चीनपर्यंत खेळू लागली. उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून माणसे नेली गेली. साडेतीन शतकांत सुमारे १ कोटी २५ लाख आफ्रिकी माणसांना जहाजांवर चढविले गेले. त्यांतील सुमारे १८ लाख पलीकडचा किनारा पाहण्याआधीच मेली.

या साऱ्याच्या मुळाशी एक प्रश्न होता : समोरचा माणूस माणूस आहे काय? स्पेनमधील वायादोलिद येथे १५५०-५१ मध्ये यावर विद्वानांचा रीतसर वाद झाला. सेपुल्वेदा यांनी ॲरिस्टॉटलचा आधार घेऊन काही माणसे स्वभावतःच दास असतात, असे मांडले. धर्मगुरू लास कासास यांनी आदिवासींच्या पूर्ण मनुष्यत्वाचा पक्ष घेतला. याच लास कासास यांनी पूर्वी आदिवासींऐवजी आफ्रिकी दास आणावेत असे सुचविले होते. पुढे त्याबद्दल त्यांनी लेखी पश्चात्ताप व्यक्त केला. एकाची बेडी काढून दुसऱ्याच्या पायात घालणे ही मुक्ती नव्हे, हे त्यांना उशिरा उमगले. माणसाची पायरी जन्माबरोबरच ठरविणारा विचार कोणत्या वेशात येतो, हे आपल्या वाचकांना आम्ही वेगळे सांगावयास नको.

ज्यांना दास ठरविले, त्यांनीच याचे उत्तर दिले. फ्रेंचांच्या ताब्यातील हैतीमध्ये १७९१ मध्ये दासांनी उठाव केला आणि १८०४ मध्ये स्वतंत्र राष्ट्र स्थापिले. तरीही १८२५ मध्ये फ्रान्सने मान्यतेच्या मोबदल्यात १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. दास्यात जगलेल्यांनी मालकांचे नुकसान भरून द्यावयाचे, असा हा न्याय होता.

आपल्या ताटातही हा इतिहास आहे. मिरची, शेंगदाणे, बटाटा, मका, कोकणातला काजू ही सारी मूळची अमेरिकेची. या जहाजांच्या युगातच ती आपल्याकडे रुजली. परंतु त्याच ताटातली ज्वारी काही हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आली, आणि तिच्यासाठी कोणा सम्राटाला आरमार पाठवावे लागले नाही. देवाणघेवाणीला दास्याची गरज नसते, हे ठेचा-भाकरीचे ताटच सांगते.

मार्च २०२३ मध्ये, म्हणजे त्या आज्ञापत्रानंतर ५६८ वर्षांनी, व्हॅटिकनने ‘शोधाच्या अधिकारा’चा सिद्धान्त अधिकृतपणे नाकारला. आपल्या मुलांनी पुढच्या परीक्षेत कोलंबसाचे वर्ष अवश्य लिहावे. त्याबरोबर ‘ग्वानाहानी’ हे नावही त्यांना ठाऊक असावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.