कुटुंबासह क्रूझची सफर : कोणते जहाज निवडावे?

जहाज म्हटले की आमच्या वयाच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकणची बोट आणि दुसरे हाजी मंडळींना मुंबईहून जिद्दाला नेणारे जहाज. कोकणची बोट बंद झाली. १९९५ नंतर 'अकबरी'च्या हजच्या फेऱ्याही थांबल्या. त्या काळी निवडीचा प्रश्नच नव्हता. जे जहाज धक्क्याला लागेल त्यात चढायचे, जागा मिळेल तिथे चटई पसरायची आणि घरचा डबा उघडायचा.

आता लोक कुठे पोहोचण्यासाठी जहाजात बसत नाहीत, जहाजावर राहण्यासाठीच जातात. तेच हॉटेल, तोच मोहल्ला, तोच बाजार. चार दिवस तिथून बाहेर पडता येत नाही. हॉटेल आवडले नाही तर माणूस रिक्षा करून दुसरीकडे जातो, इथे ती सोय नाही. म्हणून पैसे भरण्याआधी जे विचारायचे ते विचारून घेणे भाग आहे. आमच्या ओळखीची कितीतरी व्यापारी कुटुंबे हल्ली अशा सफरीला जातात. त्यात कारखाना चालवून वर्ष-दोन वर्षे पैसा बाजूला टाकणारे लोक आहेत. त्यांचा पैसा आणि घरच्या मोठ्यांचा उत्साह दोन्ही वाया जाऊ नयेत एवढ्यासाठी हा लेख.

कापडाच्या धंद्यात गिऱ्हाईक ताग्याची वरची घडी पाहते आणि व्यापारी आतली घडी उलटून पाहतो. क्रूझची जाहिरात म्हणजे वरची घडी. त्यात निळे पाणी, पांढरे जहाज आणि हसणारी माणसे असतात. आतली घडी म्हणजे जहाज केवढे आहे, किती जुने आहे, कोण चालवतो, जेवण कुठून येते आणि खोली नेमकी कोणत्या मजल्यावर आहे.

प्रथम घरची माणसे मोजावीत, नुसती संख्या नव्हे तर वय आणि प्रकृतीसुद्धा. आमच्या एका व्यापारी स्नेह्याने आपल्या अब्बांना परदेशातल्या एका मोठ्या जहाजावर नेले. जहाज उत्तम, जेवण उत्तम. मात्र खोली एका टोकाला आणि जेवणाची जागा दुसऱ्या टोकाला. मोठी जहाजे तीनशे मीटरच्या वर लांब असतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दिवसातून तीन वेळा एवढे जायचे आणि एवढेच यायचे. दुसऱ्या दिवसापासून अब्बांनी खोलीतच चहा-बिस्किटे मागवायला सुरुवात केली. मुलाने खोली घेताना दर पाहिला होता, नकाशा पाहिला नव्हता. प्रत्येक कंपनी जहाजाचा मजलावार नकाशा देते. एजंटकडून तो मागून घ्यावा, लिफ्ट कुठे आहे ते पाहावे आणि मोठ्यांची खोली लिफ्टजवळ पण तिला अगदी चिकटून नसेल अशी घ्यावी. चाकांच्या खुर्चीसाठी रुंद दाराच्या खोल्या थोड्याच असतात आणि लवकर जातात.

ज्यांना गाडी लागते त्यांनी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागाची खोली घ्यावी. झोपाळ्याच्या टोकाला हेलकावा जास्त बसतो, मध्ये कमी, तसाच हा हिशेब आहे. सर्वात वरची आणि सर्वात पुढची खोली दिसायला शानदार असते, मात्र लाटा उठल्या की तीच अधिक हलते. वर पोहण्याचा तलाव किंवा खाली नाचगाण्याचा हॉल असेल तर मध्यरात्रीपर्यंत झोप नाही. वरही खोल्या आणि खालीही खोल्या असा मजला शांत असतो.

खिडकी नसलेली खोली स्वस्त असते. तरुण मुलांना ती चालते, दिवसभर ती बाहेरच असतात. पण दादी किंवा नानी बरोबर असतील तर त्यांचा निम्मा दिवस खोलीत जाणार. त्यांना बंद भिंतीकडे पाहत बसवण्यापेक्षा मुलांची बाल्कनी काढून मोठ्यांना द्यावी. तिसऱ्या-चौथ्या माणसाचे भाडे बऱ्याच ठिकाणी कमी लागते, पण त्यांचा पलंग भिंतीतून किंवा छतातून उघडणारा असतो आणि शिडीने चढावे लागते. पाच माणसांचे कुटुंब एका खोलीत बसेल असे समजू नये. मधल्या दाराने जोडलेल्या दोन खोल्या मिळतात, त्या आधीच सांगून ठेवाव्यात.

आता मुख्य गोष्ट, जेवणाची आणि वातावरणाची.

आमच्या माहितीतली एक सात जणांची मंडळी चार दिवस पाव, फळे आणि उकडलेली अंडी खाऊन परत आली. बुकिंगच्या वेळी एजंट 'सगळे मिळते' म्हणाला होता. सगळे मिळत होतेच, फक्त हलाल काय ते सांगणारा कोणी नव्हता. घरात वर्षभर चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या बायकांना चार दिवस आयते जेवण मिळावे हा या सफरीचा मोठा फायदा असतो, तोच बुडाला. म्हणून तोंडी उत्तर घेऊ नये. हलालचे प्रमाणपत्र आहे का, ते कोणी दिले, सबंध जहाजाला आहे की एका उपाहारगृहाला, स्वयंपाकघर वेगळे आहे का, हे लेखी मागावे. जो एजंट लिहून देत नाही त्याला माहीत नसते.

याचे एक उदाहरण व्यापाऱ्याला चटकन पटेल. जर्मनीतील पापेनबुर्ग येथील मायर वेर्फ्ट या गोदीत एकाच नमुन्याची दोन जहाजे बांधली गेली, 'गेंटिंग ड्रीम' २०१६ साली आणि 'वर्ल्ड ड्रीम' २०१७ साली. दोन्ही सुमारे ३३५ मीटर लांब, दीड लाख ग्रॉस टनांची. इथे टन म्हणजे वजन नव्हे, जहाजाच्या आतल्या जागेचे माप आहे, हे लक्षात ठेवावे. मालक कंपनी २०२२ साली बुडाली आणि जहाजांच्या वाटा वेगळ्या झाल्या. 'गेंटिंग ड्रीम' रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेसकडे जाऊन २०२२ पासून सिंगापूरहून मलेशिया-थायलंडच्या बाजूला फिरू लागले. त्यावर हलाल प्रमाणित उपाहारगृह आहे, आपल्याकडचे शाकाहारी जेवणही मिळते, पण त्याच जहाजावर दारू आणि कॅसिनोही आहे. 'वर्ल्ड ड्रीम' सौदी सरकारच्या गुंतवणूक निधीच्या क्रूझ कंपनीने घेतले, त्याचे नाव 'अरोया' ठेवले आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते जिद्दाहून लाल समुद्रात निघाले. त्यावर दारू नाही, जेवण हलाल आहे आणि नमाजची जागा आहे. एकाच मागावरचे ग्रे कापड दोन प्रोसेस हाऊसना गेले, एकाची साडी झाली आणि दुसऱ्याचा पडदा. सांगाडा तोच, पण आत राहण्याची तऱ्हा वेगळी. जहाजाचे वय आणि आकार जरूर पाहावा, पण ते चालवणारा कोण हे त्याहून आधी पाहावे.

'अरोया' आपल्याला सोयीचे वाटेल, मात्र तिथे जिद्दापर्यंतचे विमानभाडे धरावे लागते. जहाज इजिप्तच्या बंदरात जाऊन परत जिद्दाला येणार असेल तर सौदीचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. उमऱ्याला जोडून ही सफर करू पाहणाऱ्यांनी आपल्या व्हिसावर पुन्हा आत येता येते का ते आधी विचारावे. सिंगापूरच्या सफरीलाही हाच नियम.

पासपोर्ट नसलेल्यांना मुंबईचे जहाज आहे. कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची या बाजूला जाऊ लागले. देशातल्या फेरीला सरकारी फोटो ओळखपत्र पुरते. जहाज १९९० सालचे, सुमारे ४८ हजार ग्रॉस टनांचे, २११ मीटर लांब, म्हणजे वर सांगितलेल्यांच्या एक-तृतीयांश. जुने म्हणून नाक मुरडू नये. लहान जहाजात चालणे कमी, माणसे हरवत नाहीत आणि कर्मचाऱ्यांशी हिंदीत बोलता येते. पण त्या काळच्या खोल्या लहान असतात, बाल्कनीच्या खोल्या थोड्या असतात आणि याही जहाजावर दारू व कॅसिनो आहेत. दोन रात्रींच्या शनिवार-रविवारच्या फेरीला तरुणांचे घोळके आणि मोठ्याने वाजणारे गाणे अधिक असते. आईवडिलांना न्यायचे असेल तर मधल्या दिवसांची, जरा लांबची फेरी पाहावी.

त्यातही लक्षद्वीपची फेरी घेताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोठे जहाज बेटाला लागत नाही, दूर नांगर टाकते आणि माणसे लहान बोटीने किनाऱ्यावर जातात. लाटा असतील तर हलत्या बोटीत पाऊल टाकावे लागते आणि समुद्र खवळला तर उतरणे रद्दही होते. ज्यांचे गुडघे चालत नाहीत त्यांच्यासाठी थेट धक्क्याला लागणारी फेरी बरी, मुरगाव बंदरात जहाज धक्क्याला लागते.

नमाजबद्दल लोक विचारतात म्हणून सांगतो. जहाज वळते तशी किब्ल्याची दिशा बदलते आणि लोखंडी जहाजात मोबाईलचा कंपास चुकू शकतो. बहुतेक जहाजांत खोलीतल्या टीव्हीवर नकाशा आणि जहाजाची दिशा दिसते, त्यावरून अंदाज बांधता येतो. सफरीतील नमाजचे मसले आपल्या आलिमांना निघण्यापूर्वीच विचारून घ्यावेत.

लहान मुलांसाठी बऱ्याच कंपन्या सहा महिन्यांखालील बाळाला घेत नाहीत, आणि गरोदरपणाचे चोवीस आठवडे होत आले असतील तर त्या बाईलाही घेत नाहीत. मुलांच्या खेळाच्या खोलीला वयाची अट असते. आणि तलावापाशी मुलावर नजर ठेवणे हे घरच्याच माणसाचे काम समजावे.

पैशाचे बोलू. जाहिरातीतला आकडा माणशी असतो, आणि तोही एका खोलीत दोन माणसे धरून. त्यावर बंदराचा आकार, कर आणि अनेक कंपन्यांत माणशी-रोज टिप जोडली जाते. इंटरनेट, काही उपाहारगृहे, बंदरावरच्या सहली, डॉक्टर, सगळे वेगळे. जहाजावरचा डॉक्टर महाग असतो, म्हणून साखर, रक्तदाबाची औषधे दोन दिवसांची जास्त घ्यावीत आणि ती हातातल्या पिशवीत ठेवावीत. जहाजावर रोकड चालत नाही, खोलीच्या कार्डावर खाते चढत जाते. किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीसारखे ते दिसत नाही आणि शेवटच्या सकाळी एकदम पुढे येते. मुलांच्या कार्डावर खर्च बंद करून घेता येतो, काउंटरवर सांगावे लागते.

पैसे परत मिळण्याच्या अटी वाचल्याशिवाय वर्ष आधी सगळी रक्कम भरू नये. २०१९ साली मुंबईहून 'कर्णिका' नावाचे जहाज थाटात सुरू झाले होते. २०२० साली कंपनी बंद पडली आणि त्याच वर्षी ते जहाज अलंगला भंगारात गेले. धंद्यात आपण नव्या पार्टीला उधार देताना जे पाहतो तेच इथेही पाहावे.

जहाज सुटण्याआधी सर्वांना जमा करून जीवरक्षक जाकीट आणि जागा दाखवतात. इटलीजवळ जानेवारी २०१२ मध्ये 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडून ३२ माणसे गेली, तेव्हा नुकत्याच चढलेल्या कित्येकांना ही माहिती दिली गेली नव्हती. त्यानंतर नियम कडक झाला. म्हातारी माणसे 'मला नको' म्हणतात, त्यांनाही हात धरून न्यावे.

राहिला मोसम. पावसाळ्यात मुंबईहून या फेऱ्या होत नाहीत. दिवाळी, नाताळ आणि शाळेच्या सुट्टीत दर चढतात. आमच्या कापडवाल्यांना रमजान, दिवाळी आणि लग्नसराईत गल्ला सोडून हलता येत नाही, पण जानेवारीत शाळा सुरू झाल्या की काही दिवस दरही उतरतात आणि समुद्रही शांत असतो. फक्त तेव्हा मुलांची चार दिवसांची शाळा बुडते, तेवढे मास्तरांना आधी सांगून ठेवावे.