हळदीचा हौद

बसा लेकराहो. वीज गेली तर जाऊ द्या, कंदील आहे. पैलवानांच्या गोष्टी रोजच होतात, आज त्यांच्या पायाखालच्या मातीची ऐका.

आपल्या हिंगोलीची माती काळी. साडेसहा कोटी वर्षांमागं जमिनीतून लाव्हा वाहिला, त्याचा काळा दगड झाला आणि तो झिजता झिजता ही माती झाली. गुणाची, पण मोठी हावरी. पावसात पाणी पिऊन फुगते, चैतात अशी भेगाळते की एकदा माझा विळाच भेगेत गेला, मृगाच्या पावसात भेग मिटली आणि विळा अजून तिच्या पोटात आहे. असल्या मातीत कुस्ती धरायची म्हणजे ओलीत रुतायचं, नाहीतर ढेकळावर पाठ फोडून घ्यायची. म्हणून कुस्तीच्या हौदाला तांबडी माती बाहेरून आणावी लागते. तिच्यात लोखंडाचा गंज, आणि ती काळीसारखी फुगत नाही. ती चाळायची, मग तिचा पाहुणचार करायचा: तेल, ताक, लिंबू, कापूर आणि आपल्या वसमतकडची हळद.

आमचे वस्ताद तेलाआधी हळद पडली की हातातली काठी उचलायचे. का, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. पुढं कळलं की हळदीला पिवळेपण देणारं कुरकुमीन पाण्याला दाद देत नाही, तेलात मात्र सुखानं विरघळतं.

एकदा यात्रेतल्या कुस्त्या बघायला मुंबईचा पाव्हणा आला. हलगी कडाडली, शड्डू ठोकले गेले आणि एका गड्यानं समोरच्याच्या मानेवर मूठभर माती फेकली. पाव्हणा चिडला, "हा अपमान आहे!" अरे बाबा, घामानं अंग मासोळीगत निसटतं, माती घाम पिते तेव्हा कुठं पकड बसते. ऑलिंपिकच्या कुस्तीत असते ती गादी घाम पीत नाही. आपले पैलवान खाशाबा जाधव 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले आणि मातीत वाढलेल्या त्या पायांना गादीशी जमवून घ्यावं लागलं. पण 1952 ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊनच आले.

मातीचा लळा काही एकट्या आपल्यालाच नाही. जपानात सुमोचे पैलवान मातीच्या रिंगणात उतरताना मूठमूठ मीठ उधळतात. 'कुस्ती' आणि 'पैलवान' हे शब्द तर इराणकडून, फारसीतून आले. तिथल्या जोरखाना नावाच्या तालमीतही खोलगट हौदात आपल्या मुद्गलासारखी लाकडं फिरवतात. आणि बिदरकडच्या कल्याणीचा राजा सोमेश्वर, त्यानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहिला, त्यात मल्लांनी काय खावं तेसुद्धा आहे. राजाला एवढा वेळ होता, बघा.

असो. तालमीतून आलो की माझ्या उशीवर पिवळा डाग पडायचा. माय कपडे धुवायची आणि साबण लागला की तोच डाग लालभडक. हळदीची ही खोडच आहे, साबण-चुन्यासारखं क्षारट काही लागलं की लाल होते. कुंकूही तसंच करायचे. पण मायला ते कुठं ठाऊक? ती धुणं टाकून धावत यायची, माझे कान, नाक, डोकं चाचपायची आणि म्हणायची, "खरं सांग, कुणी मारलं?"