मोहफुलांची वेचणी व वाळवण

मूल, सिंदेवाही व गडचिरोलीकडील जंगलपट्ट्यात फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाची फुले गळतात आणि घरची सारी माणसे टोपल्या घेऊन वेचणीस निघतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात सुमारे निम्मा भाग साखरेचा असतो. ओलावा राहिल्यास किण्वाच्या योगाने ही साखर आंबून तिचा मद्यार्क बनतो. दक्षिण फ्रान्सच्या टेकड्यांवरील द्राक्षबागाईत कुटुंबे द्राक्षरस सालींसह मुद्दाम आंबवून तांबडे मद्य करतात. येथे मात्र ढिगात आपोआप आंबलेले फूल म्हणजे नुकसानच होय. गडचिरोली जिल्ह्यात तर १९९३ पासून दारूबंदी असल्याने फुलाचे मोल खाद्य म्हणूनच राखले पाहिजे.

झाडाखालचा पाचोळा पेटवून जागा साफ करण्याची रीत सोडावी. तिने रोपे जळतात व वणवा पसरतो. पाचोळा झाडून काढावा किंवा झाडाखाली जाळी बांधावी, म्हणजे फुलास माती लागत नाही. फुले त्याच दिवशी स्वच्छ चटईवर पातळ पसरून उन्हात वाळवावीत, आभाळ येताच झाकावीत आणि पूर्ण वाळल्यावरच कोरड्या, झाकणाच्या भांड्यात भरावीत. अशी फुले लाडू-भाकरीस उपयोगी पडतात आणि विकतानाही वेचणाऱ्याचे श्रम वाया जात नाहीत.