पत्र्यावरचा स्लॅब आणि भेगांची जाळी

वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात काळ्या रानातून चालताना पाय भेगा चुकवूनच टाकावा लागतो. पाणी उडून गेले की माती आक्रसते, पण खालच्या थराने जखडून ठेवल्यामुळे ती मोकळेपणी आक्रसू शकत नाही आणि फाटते. काँक्रीटचेही असेच होते. ते वाळताना साधारणपणे दहा हजारात तीन भाग आखूड होते. म्हणजे ६ मीटर लांबीचा स्लॅब १.८ मिलिमीटर. हे फारच थोडे वाटेल. पण ताणले असता काँक्रीट दहा हजारात एखादा भाग वाढले तरी तडकते!

लोखंडी सांगाड्याच्या इमारतीत तुळयांवर पन्हळी पत्रा अंथरून त्यावर काँक्रीट ओततात. ओल्या काँक्रीटचा भार पत्राच पेलतो, म्हणून फळ्यांचे सेंट्रिंग लागत नाही. पत्र्यावर उठवलेले उंचवटे पुढे घट्ट काँक्रीटला धरून ठेवतात आणि पत्रा तळच्या सळईचे काम करतो. मग वरून पुन्हा सळयांची जाळी कशासाठी?

एक लांबट खोडरबर घेऊन त्याच्या बाजूवर उभ्या रेघा आखा. मधोमध खाली पेन्सिल ठेवून दोन्ही टोके दाबा. पेन्सिलीच्या वरच्या बाजूला रेघा फाकतात, तळाशी जवळ येतात. तुळईवरून सलग गेलेला स्लॅब असाच वाकतो. ताण माथ्याला आणि पत्रा मात्र तळाला! शिवाय खाली पत्रा असल्याने ओल फक्त वरूनच उडते; माथा आधी वाळतो, आधी आक्रसतो. म्हणून जाळी वरच्या पृष्ठभागाखाली २०-२५ मिलिमीटरवर हवी.

जाळीने भेगा थांबतात, हा समज मात्र खरा नाही. दोन ताटांत काळ्या मातीचा चिखल थापा, एकात कुटार मिसळा आणि दोन्ही उन्हात ठेवा. साध्या चिखलात मोजक्याच पण रुंद भेगा पडतील, कुटाराच्या चिखलात बारीक. सळई हेच करते. एका रुंद भेगेऐवजी केसासारख्या अनेक भेगा पडतात. त्यांतून पाणी सहजी उतरत नाही, आणि पत्रा गंजण्यापासून वाचतो.

सळई किती? युरोकोड ४ (२००४) प्रमाणे पन्हळींच्या वरच्या काँक्रीटच्या छेदाच्या ०.२ टक्के. तो थर ७५ मिलिमीटर असेल, तर एक मीटर रुंदीत १५० चौरस मिलिमीटर लोखंड, म्हणजे ६ मिलिमीटरच्या सळया सुमारे १८० मिलिमीटर अंतराने. पत्र्याला खालून टेकू दिले असतील तर प्रमाण दुप्पट, ०.४ टक्के. टेकू काढताच स्लॅबचे स्वतःचे वजन एकदम घट्ट काँक्रीटवर येते आणि तुळईवरचा माथा आणखी ताणला जातो.

आमच्या मते हिशेबापेक्षा ओतकामाची वेळच अधिक नाजूक असते. घमेली घेऊन माणसे जाळीवरून ये-जा करतात, जाळी दबून पत्र्याला टेकते आणि काँक्रीटखाली गेल्यावर कुणाला दिसतही नाही. लोखंड तेवढेच, पण माथ्याच्या भेगेला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. यावर उपाय साधा आहे: जाळीखाली सळईच्या चेअर जवळजवळ ठेवायच्या, तुळयांवर तर नक्कीच, आणि चालायला फळ्या टाकायच्या.

पुढचे काम पाण्याचे. आपल्याकडच्या कोरड्या, तापत्या हवेत साध्या सिमेंटच्या काँक्रीटला निदान दहा दिवस ओले ठेवावे, असे आय.एस. ४५६ या भारतीय मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत म्हटले आहे. मिश्र सिमेंट असेल तर चौदा दिवस. ओतकाम शक्यतो संध्याकाळी करावे आणि लगेच ओली पोती पसरावीत. दुपारच्या झळांत पहिल्या काही तासांतच पडलेल्या भेगा जाळीलाही आवरत नाहीत.