भंगारातली मोटर आणि घरची पवनचक्की

मागच्या वेळी आपण पात्यांचा विचार केला, आज मोटर. भंगारवाल्याकडे मोटर दिसली की आपण आधी विचारतो, 'किती हॉर्सपॉवरची?' हा प्रश्न मोटर चालवणाऱ्याचा. आपल्याला तर ती वाऱ्यानं फिरवून वीज काढायची आहे. कारण आणि कार्य यांची अदलाबदल झाली, तसा प्रश्नही बदलायला हवा: एका व्होल्टला किती फेरे?

कायम चुंबक असलेली डीसी मोटर घ्यायची. पाटीवरचे दर मिनिटाचे फेरे भागिले व्होल्ट, एवढंच ढोबळ गणित. १२ व्होल्टची बॅटरी चार्ज करायला १५ व्होल्ट धरू. ट्रेडमिलच्या एखाद्या मोटरवर १३० व्होल्ट, ६५०० फेरे लिहिले असतील, तर व्होल्टला ५०. म्हणजे ७५० फेरे हवेत. आता दीड मीटर व्यासाची पाती, सेकंदाला ५ मीटर वारा, पात्याच्या टोकाचा वेग वाऱ्याच्या पाचपट धरला, तरी फेरे होतात ३२० च्या आसपास. चक्की गरगरेल, बॅटरी मात्र रिकामीच! १८० व्होल्ट, १८०० फेऱ्यांची मोटर १५० फेऱ्यांतच तिथं पोचते.

घेण्याआधी दोन्ही तारा एकमेकींना जोडून शाफ्ट हातानं फिरवून बघू. जड लागला आणि तारा सोडल्यावर हलका झाला, तर चुंबक नि गुंडाळी शाबूत आहेत. आणि बॅटरीच्या वाटेत डायोड हवाच. नाहीतर वारा पडला की बॅटरीच मोटर फिरवेल, आणि रात्रभर आपण वाऱ्यालाच वारा घालत बसू.