मोटरचा सातबारा: कूलर आणि एसीच्या मोटरवरचे शब्द कसे वाचायचे



आजचा विषय दिसायला छोटा आहे, पण उन्हाळा तोंडावर आला की खिशाला महाग पडणारा आहे. कूलरच्या आणि एसीच्या मोटरवर जे शब्द, जे आकडे असतात, त्यांचा अर्थ काय, एवढंच आज बघायचं. नांदेड-लातूरकडे एप्रिल-मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या पुढे गेला तर आता कुणी दचकत नाही. त्या दिवसांत मोटर जळते, आपण मेकॅनिककडे जातो, तो म्हणतो, "वाइंडिंग गेली, भरून घ्यावी लागेल." आपण पैसे देतो. महिन्याभरात तीच मोटर परत जळते. का? कारण मोटर का जळली हे कुणी विचारलेलंच नसतं. आणि विचारायचं तर आधी शब्द माहीत पाहिजेत.

शेत घेताना आपण काय करतो? आधी सातबारा बघतो. मोटरचाही सातबारा असतो. तिच्या अंगावर चिकटवलेली किंवा रिव्हेटने ठोकलेली छोटी पट्टी, म्हणजे नेमप्लेट. रंगकाम करताना ही पट्टी खरवडून टाकू नका आणि मोटर भरायला देण्याआधी मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा.

आधी बोलीभाषेतला गोंधळ मिटवू

आपल्याकडे काही शब्द दोन-दोन अर्थांनी चालतात. कूलरवाला म्हणतो "कंडेन्सर गेला". त्याला म्हणायचं असतं कपॅसिटर, म्हणजे मोटरला जोडलेला छोटा डबा. एसीवाला "कंडेन्सर" म्हणतो तेव्हा तो बाहेरच्या युनिटमधल्या जाळीबद्दल, नळ्यांच्या कॉइलबद्दल बोलत असतो. पहिल्याचा खर्च शंभराच्या घरात, दुसऱ्याचा हजारांत. तेव्हा विचारा, "कुठला कंडेन्सर?"

दुसरा शब्द "मोटर". कूलरमध्ये मोटरी दोन. एक पंख्याची आणि एक खाली टबात बुडवलेली, गवतावर पाणी चढवणारी, जिला आपण पंप म्हणतो. एसीत साधारण तीन: आतला ब्लोअर, बाहेरचा पंखा, आणि कंप्रेसर. कंप्रेसर म्हणजे लोखंडी डब्यात कायमची बंद केलेली मोटर आणि पंप.

तिसरा शब्द "इन्व्हर्टर". लाईट गेल्यावर बॅटरीवर चालतो तो इन्व्हर्टर वेगळा. इन्व्हर्टर एसीत बॅटरी नसते. तिथे एक सर्किट कंप्रेसरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करतं.

आणि चौथा "टन". दीड टनाचा एसी म्हणजे वजन नव्हे, मोटरची ताकदही नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तो हा माप. एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता खोलीतून बाहेर काढणं. ती काढायला वीज त्याहून बरीच कमी लागते, कारण एसी थंडावा तयार करत नाही, आतली उष्णता बाहेर वाहून नेतो.

आता पट्टी वाचू

समजा एका कूलरच्या पंख्याच्या मोटरवर असं लिहिलंय: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, १ फेज, १५० वॅट, ०.८ अँपिअर, १३५० आरपीएम, ४ एमएफडी, क्लास बी. एकेक घेऊ.

व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. टाकी जितकी उंच तितकी नळाला धार, तसं. अँपिअर म्हणजे प्रत्यक्ष वाहणारा प्रवाह. वॅट म्हणजे त्यातून होणारं काम. आता २३० ला ०.८ ने गुणा. १८४ येतात. पण पट्टीवर वॅट आहेत १५०. मग फरक कुठे गेला? मोटरला चुंबक तयार करायला थोडा प्रवाह लागतो, तो येतो-जातो, काम करत नाही. १५० भागिले १८४, म्हणजे सुमारे ०.८१. याला म्हणतात पॉवर फॅक्टर.

मोठ्या मोटरवर वॅटऐवजी एचपी असतो. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. लक्षात ठेवा, एचपीचा आकडा शाफ्टवर मिळणाऱ्या ताकदीचा असतो. ओढली जाणारी वीज त्याहून जास्त, कारण काही भाग उष्णतेत जातो. म्हणून एक एचपीची मोटर ७४६ वॅटच घेईल असा हिशोब धरून वायर टाकू नका.

आरपीएम म्हणजे मिनिटाला फेरे. याचं सूत्र सोपं आहे: १२० गुणिले हर्ट्झ, भागिले पोलची संख्या. आपली वीज ५० हर्ट्झची. चार पोलची मोटर असेल तर १५०० फेरे, सहा पोलची असेल तर १०००. मग पट्टीवर १३५० का? कारण आतलं चुंबकी क्षेत्र १५०० ने फिरतं आणि रोटर त्याच्या मागे थोडा रेंगाळतो. रेंगाळला नाही तर त्याला ओढच मिळणार नाही. या मागे राहण्याला म्हणतात स्लिप. बुश सुकलं, पातं जड झालं, व्होल्टेज पडलं, की स्लिप वाढते. मोटर हळू फिरते आणि जास्त तापते.

एमएफडी म्हणजे मायक्रोफॅरड, कपॅसिटरचं माप. एक फेजच्या विजेवर मोटर आपणहून सुरू होत नाही. तिला एका दिशेला ढकलणारं कुणीतरी लागतं. म्हणून आत दोन वाइंडिंग असतात, रनिंग आणि स्टार्टिंग, आणि स्टार्टिंगला कपॅसिटर जोडलेला असतो. मोटर "हूं" आवाज करते पण फिरत नाही, काडीने पातं ढकललं की चालू होते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. अशा वेळी प्लग काढा आणि पातं हाताने फिरवून बघा. हलकं फिरलं तर संशय कपॅसिटरवर. जड गेलं तर बुश किंवा बेअरिंगवर. काडी लावून महिनाभर चालवू नका. सुरू न होता अडकून बसलेली मोटर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते आणि धूर काढते. आणि बदलताना पट्टीवर असेल तोच एमएफडी घाला. "मोठा घातला की जोरात पळेल" हे खरं नाही, स्टार्टिंग वाइंडिंग तापून जाईल. कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ भरलेला राहतो, त्याच्या टोकांना बोट लावू नका.

थंडीत लावतो त्या ब्लोअर हीटरच्या छोट्या मोटरला बऱ्याचदा कपॅसिटर नसतो. तिथे पोलच्या कोपऱ्यात तांब्याची एक कडी बसवलेली असते, तीच ढकलायचं काम करते. तिला शेडेड पोल मोटर म्हणतात. ताकद कमी, पण भाव कमी आणि बिघाडही कमी.

क्लास बी आणि आपला मे महिना

आता जो शब्द कुणीच वाचत नाही तो. क्लास म्हणजे वाइंडिंगच्या तारेवरचं इन्सुलेशन किती तापमान सोसेल. क्लास ई १२० अंश सेल्सिअस, बी १३०, एफ १५५, एच १८०. क्लास बीचा हिशोब असा: भोवतालची हवा ४०, मोटर चालून चढणारी उष्णता ८०, आणि आतल्या सर्वांत तापलेल्या जागेसाठी १० राखीव. बेरीज १३०.

बघा, हिशोबाची सुरुवातच ४० पासून आहे. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४२-४३ असतं. पत्र्याखाली, पश्चिमेच्या भिंतीवर त्याहून जास्त. एसीच्या बाहेरच्या युनिटचा पंखा तर गरम कॉइलमधून आलेली हवा ओढतो, त्याच्या मोटरभोवतीची हवा आणखी तापलेली. मोटरच्या जाणकारांचा एक ढोबळ नियम आहे: मर्यादेच्या वर दहा अंश गेले की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं. म्हणून बाहेरच्या युनिटला सावली द्या, पण समोर भिंत किंवा पडदा उभा करू नका. आणि मोटर भरून घेताना विचारा, "तार कुठल्या क्लासची घालताय?"

कूलरच्या पंख्याचं थोडं उलट आहे. तो ओल्या गवतातून आलेल्या गार हवेत बसतो. त्याचा शत्रू उष्णता कमी, ओल जास्त. पण टबातल्या पंपाचं गणित वेगळं. तो पाण्यात बुडालेला असतो आणि त्याच पाण्याने गार राहतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ज्या गावाने ते दिवस पाहिलेत तिथे कूलरच्या टबात रोज पाणी असेलच असं नाही. पाणी नसेल तर पंपाचा स्विच बंद ठेवा, नुसता पंखा चालवा. कोरडा पंप फार वेळ टिकत नाही.

"लाईट डिम आहे"

संध्याकाळी गावात सगळ्यांचे कूलर लागले की व्होल्टेज पडतं. समजा २३० चे १८० झाले. मोटरची फिरवण्याची ओढ, म्हणजे टॉर्क, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. १८० भागिले २३०, त्याचा वर्ग, सुमारे ०.६१. व्होल्टेज वीस-बावीस टक्के पडलं, पण ओढ जवळजवळ चाळीस टक्के गेली. पंखा असेल तर हळू फिरून निभावतो. कंप्रेसरला मात्र तोच गॅस दाबायचा असतो. तो अडतो, प्रवाह वाढतो. अशा वेळी त्याच्या डोक्यावरचा ओएलपी, म्हणजे ओव्हरलोड प्रोटेक्टर, तापून सर्किट तोडतो. थोड्या वेळाने परत जोडतो. "टक" करून बंद, पुन्हा चालू, असं होत असेल तर ओएलपी त्याचं काम करतोय. तो काढून डायरेक्ट जोडायला सांगू नका. व्होल्टेज मोजायला सांगा.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न: वाइंडिंग तांब्याची घ्यावी की ॲल्युमिनियमची?*

ॲल्युमिनियम वीज वाहतं तांब्याच्या सुमारे ६१ टक्के. त्यामुळे तेवढाच प्रवाह न्यायला तार जाड लागते. कंपनीने तसा हिशोब करून मोटर बनवली असेल तर ती चालते. पण तांब्याची जळालेली मोटर भरताना त्याच खाचांत त्याच जाडीची ॲल्युमिनियमची तार भरली, तर ती तापणारच. भरून घेताना धातू आणि गेज, दोन्ही विचारा. गेजचा नंबर मोठा म्हणजे तार बारीक, हे उलटं आहे, लक्षात ठेवा.

*प्रश्न: इन्व्हर्टर एसीला स्टॅबिलायझर लागतो का?*

एसीच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत व्होल्टेजची खालची आणि वरची मर्यादा दिलेली असते. तुमच्या घरी भर उन्हाळ्यात रात्री नऊ वाजता मोजा. मर्यादेत असेल तर नको. बाहेर जात असेल तर घ्या.

*प्रश्न: आमच्या घरी एमसीबी आहे. कूलरचा शॉक लागला तर तो पडेल ना?*

हा प्रश्न विचारलात ते बरं झालं. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी आपण वाचतो. बहुतेक वेळा लोखंडी कूलर, ओली फरशी, अनवाणी पाय आणि पाणी भरणारा हात.

एमसीबी पडतो तो काही अँपिअर प्रवाह गेल्यावर, वायर जळू नये म्हणून. माणसाच्या छातीतून ०.०३ अँपिअर, म्हणजे ३० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह गेला तरी जीव धोक्यात येतो. एमसीबीला तेवढ्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी वेगळं उपकरण आहे, आरसीसीबी. जाणारा आणि परत येणारा प्रवाह तो सतत ताडून बघतो, फरक दिसला की तोडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा घ्यायचा.

आणि अर्थिंग. तीन पिनच्या प्लगमधली जाड, लांब पिन अर्थिंगची. वाइंडिंगचं इन्सुलेशन ओलीने गेलं, तार बॉडीला टेकली, तर वीज या पिनमधून जमिनीत जाते. ती पिन कापून दोन पिनचा प्लग लावला की वीज वाट बघत बसते ती तुमच्या हाताची. तेव्हा तीन गोष्टी करा. कूलरच्या लोखंडी बॉडीला अर्थिंगची वायर घट्ट जोडलेली आहे का आणि घराचं अर्थिंग जिवंत आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. आरसीसीबी बसवा, त्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघा. आणि पाणी भरण्याआधी नुसता स्विच बंद करू नका, प्लग काढा. वायरिंग उलटी झाली असेल तर स्विच बंद असूनही मोटरपर्यंत वीज पोचलेली असते. घरात पाणी भरायचं काम लहान मुलांकडे असेल, तर हे आज घरी गेल्यावर त्यांना आधी सांगा.